बंदुकीची माशी आणि लाल ठिपका

जुन्या मराठींत ‘शिस्त’ या शब्दाचा एक अर्थ नेम असा होता. शिस्त धरणें म्हणजे बंदुकीच्या नळीवरून दृष्टि लावून लक्ष्य साधणें. आज हा शब्द शाळेंत, कचेरींत आणि पलटणींत वावरतो. नेमाशीं असलेलें त्याचें नातें बहुतेकांच्या विस्मरणांत गेलें आहे. नळीच्या तोंडापाशीं जो बारीकसा उंचवटा असतो त्याला ‘माशी’ म्हणत, आणि तें नांव कां पडलें हें ज्यानें एकदां बंदूक खांद्याला लावून पाहिली आहे त्याला सांगावें लागत नाहीं. डोळ्याजवळच्या टोंकाला एक खांच, पलीकडच्या टोंकाला ही माशी आणि त्याच्याही पलीकडे लक्ष्य, हीं तिन्ही एका रेषेंत आलीं म्हणजे शिस्त बसली.

कित्येक शतकें नेम धरण्याची रीति एवढीच होती. गेल्या पन्नास वर्षांत माशीच्या जागीं एक लाल ठिपका येऊन बसला, आणि त्यांतही पिस्तुलासारख्या आखूड हत्यारावर तो खऱ्या अर्थानें स्थिरावला तो २००९ नंतर. एवढ्याशा ठिपक्याला इतका उशीर कां लागला, आणि तो लागल्यानें नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत नेमका कोणता पालट झाला, याचा इतिहास मनोरंजक आहे. त्याचा एक पदर सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यालाही चाटून जातो.

मालवणच्या बंदरासमोर कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखालीं झालेल्या या बांधकामांत पायाच्या दगडांत शिसें ओतलें गेलें. ज्या धातूच्या गोळ्या बंदुकींत भरावयाच्या त्याच धातूनें भिंतीचे पाय समुद्रांत रोवलेले, असा हा योग आहे. तटावरून चालत गेलें म्हणजे ठिकठिकाणीं जंग्या लागतात. जंगी म्हणजे बंदूक रोखण्यासाठीं तटांत ठेवलेलें तिरकस भोंक. आंतून रुंद, बाहेरून चिंचोळें. तेथें उभ्या राहिलेल्या बरकंदाजाला बाहेरचा समुद्र बोटभर फटींतून दिसे. त्याच्या हातांतील तोड्याच्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षां किंचित् लहान, म्हणून सुटतांना ती नळीच्या भिंतीवर आदळत आदळत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूचा त्याच्या उलट बाजूस झुके. शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर धरलेला नेम हा बराचसा दैवाचा भाग होता. असल्या बंदुकीला माशी असली काय आणि नसली काय, फरक फारसा पडत नसे.

तोफेची गोष्ट याहून अवघड होती. तोफ मागें जाड आणि तोंडाशीं बारीक. तिच्या पाठीवरून सरळ पाहून नेम धरला, तर डोळ्याची रेषा आणि नळीच्या पोकळीची रेषा एक होत नाहीं; तोंड नकळत वर उचललेलें राहतें आणि जवळच्या लक्ष्यावरून गोळा निघून जातो. अनुभवी गोलंदाज हा फरक मनांत धरून तोंड खालीं घेई. गलबतावर तर पायाखालची जमीनच हलती. गुराबेच्या नाळेवर पुढें तोंड केलेल्या तोफा असत, आणि त्या डागावयाच्या तर लाटेनें नाळ वर उचलली जाऊन खालीं येऊं लागते तो क्षण साधावा लागे. या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांचें कौशल्य होतें तें या क्षणाच्या जाणिवेंत होतें, हत्याराच्या घडणींत नव्हे. आणि हत्याराच्या घडणींत जो मागें राहिला त्याला पुढें त्याची किंमत द्यावी लागली. सिंधुदुर्ग १७६५ सालीं इंग्रजांनीं घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें आणि पुढल्याच वर्षीं तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहानें मालवण कायमचें गेलें. केवळ नेमाच्या साधनांमुळें हें घडलें असें म्हणणें धाडसाचें होईल. पण नळीला आंतून पीळ देणें, काडतूस नळीला घट्ट बसविणें, या ज्या सुधारणा एकोणिसाव्या शतकांत युरोपांत रूढ झाल्या, त्यांनीं बंदुकीची गोळी प्रथमच इतकी सरळ जाऊं लागली कीं दोष आतां गोळीचा न राहतां पाहणाऱ्याच्या डोळ्याचा ठरला.

डोळ्याचा दोष कोणता? डोळा एका वेळीं एकाच अंतरावरची वस्तु स्वच्छ पाहूं शकतो. खांच डोळ्यापासून हातभर, माशी त्याहून थोडी पुढें, लक्ष्य वीस-पंचवीस मीटरांवर. तिन्हींवर एकदम दृष्टि ठरविणें निसर्गानें माणसाला दिलेलें नाहीं. म्हणून शिकविणारे उस्ताद पूर्वीपासून सांगत आले कीं माशी स्वच्छ पाहा. खांच अंधुक दिसली तरी चालेल, लक्ष्य अंधुक दिसलें तरी चालेल. चांदमारीच्या मैदानावर हा उपदेश खरा आहे. तेथें लक्ष्य कागदाचें असतें आणि तें कोण आहे, त्याच्या हातांत काय आहे, याचा विचार करावा लागत नाहीं.

पिस्तुलांत ही अडचण अनेक पटींनीं वाढते, तें साध्या हिशेबानें कळेल. सामान्य पिस्तुलाच्या खांचेपासून माशीपर्यंतचें अंतर सुमारें १६० मिलिमीटर असतें. या टप्प्यांत माशी एक मिलिमीटर बाजूला राहिली तर पंचवीस मीटरांवर गोळी साडेपंधरा सेंटिमीटर बाजूला जाते, म्हणजे जवळजवळ वीतभर. लांब नळीच्या रायफलींत हें अंतर तिप्पट-चौपट असल्यामुळें चूकही तितकीच कमी होते. शिवाय पिस्तुलाला खांद्याचा आधार नाहीं; तें पुढें धरलेल्या हातांवर तरंगत असतें. आणि वयाची चाळिशी उलटली कीं जवळचें पाहण्यासाठीं नाकावरही चाळिशी चढते. हातभर अंतरावरची माशी मग पिसाऱ्यासारखी पसरलेली दिसते. वीस वर्षें नोकरी केलेला हवालदार अनुभवानें सर्वांत तयार, आणि डोळ्यानें नेमका त्याच वेळीं अधू, असा प्रकार होतो.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. समोर शस्त्रधारी मनुष्य उभा असतां भ्यालेला डोळा माशीकडे वळतच नाहीं. तो त्या माणसाकडे पाहतो, आणि तें योग्यच आहे. कारण समोरच्यानें हात वर केला आहे कीं हत्यार उचललें आहे, त्याच्या मुठींत सुरा आहे कीं घरची किल्ली आहे, हें त्या निमिषांत कळलें पाहिजे. जुनी शिस्त सांगते, माशी स्वच्छ पाहा आणि माणूस अंधुक राहूं दे. माणुसकी आणि कायदा दोन्ही सांगतात, आधीं माणूस स्वच्छ पाहा. पिस्तुल हातीं घेणाऱ्याचें खरें संकट या विरोधांत होतें. तोडगा निघाला तो मात्र बंदुका घडविणाऱ्यांच्या भट्टींत नव्हे, तर दुर्बिणी घांसणाऱ्यांच्या कारखान्यांत.

येथें पुन्हां सिंधुदुर्गाचाच किनारा समोर येतो. २२ जानेवारी १८९८ रोजीं झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणच्या किनाऱ्यावरून देशावर गेली. तें पाहण्यास सर नॉर्मन लॉकियर हे इंग्रज ज्योतिषी विजयदुर्गावर येऊन राहिले. त्यांच्या मदतीला ‘मेलपोमिनी’ या लढाऊ जहाजावरील अधिकारी आणि खलाशी होते; समुद्रांतील लक्ष्यांवर तोफा रोखणाऱ्या हातांनीं त्या दिवशीं सूर्यावर दुर्बिणी रोखल्या. हेलियम वायूचा शोध विजयदुर्गावर लागला अशी एक समजूत या भागांत आहे. ती खरी नाहीं. ती रेषा लॉकियर यांनीं १८६८ सालीं इंग्लंडांत बसून अभ्यासिली. विजयदुर्गावरील त्यांचा मुक्काम तीस वर्षांनंतरचा आहे. त्याच ग्रहणासाठीं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे जेऊर येथें आपलीं यंत्रें घेऊन गेले होते. नायगमवालांच्या पुण्यांतील वेधशाळेंत वीस इंची आरशाची जी दुर्बीण होती, ती त्या काळीं हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी दुर्बीण समजली जाई. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून उभ्या राहिलेल्या या वेधशाळेची दुर्बीण १९१२ सालीं कोडाईकनालला गेली. ती घडविणारा कारागीर होता डब्लिन शहरचा हॉवर्ड ग्रब.

विजयदुर्गाशीं ग्रबचा थेट संबंध जोडण्याचें कारण नाहीं. पण ग्रहणानंतर दोनच वर्षांनीं, १९०० सालीं, दुर्बिणींचे आरसे घांसणाऱ्या याच माणसानें बंदुकीच्या नेमासाठीं एका नव्या साधनाचें पेटंट घेतलें, आणि आजचा लाल ठिपका हा त्या साधनाचाच थेट वंशज आहे.

ग्रबची कल्पना समजण्यास तारकर्लीच्या वाळूंतून चांदण्या रात्रीं चालणाऱ्या मुलाला विचारावें. चंद्र आपल्याबरोबर चालतो असें तें सांगेल. माड मागें पडतात, होड्या मागें पडतात, चंद्र मात्र जेथल्या तेथें. कारण चंद्र इतका दूर आहे कीं पाहणारा शंभर पावलें सरकला तरी त्याची दिशा बदलत नाहीं. आतां अशी एखादी खूण बंदुकीवर बसवितां आली, कीं जी दिसेल चंद्रासारखी दूर आणि दिशा दाखवील नळीची, तर काम झालें. डोळा थोडा डावीकडे गेला, थोडा उजवीकडे गेला, तरी खूण नळीच्याच दिशेला दिसत राहील. खांच आणि माशी यांची जुळणी करण्याचें कारणच उरणार नाहीं. आणि खूण दूर दिसत असल्यामुळें लक्ष्य पाहणाऱ्या डोळ्याला तीही तितकीच स्वच्छ दिसेल.

दुर्बीण करणाऱ्याला ही किमया रोजची. भिंगाच्या नाभीवर, म्हणजे जेथें सूर्याचे किरण एकवटून कागद जळतो त्या बिंदूवर, दिवा ठेवला तर उलट दिशेनें बाहेर पडणारे किरण समांतर होतात. आणि समांतर किरणांना डोळा फार दूरच्या वस्तूचे किरण समजतो. ग्रबनें असे समांतर केलेले किरण एका तिरप्या, अर्धपारदर्शक कांचेवर पाडून डोळ्यांत पाठविले. पाहणाऱ्याला कांचेंतून समोरचा देखावाही दिसे आणि त्या देखाव्यावर ठेवल्यासारखी उजळ खूणही दिसे. डोळ्याला तीन अंतरांची कसरत करावी लागत होती, ती एका अंतरावर आली. यापुढें शंभर वर्षांत जें झालें तें या एका कल्पनेच्या मार्गांतले खडे वेंचण्याचें काम होय.

पहिला खडा उजेडाचा. ग्रबचें साधन आकाशाच्या उजेडावर चाले. संध्याकाळीं खूण फिकी पडे. जर्मनीच्या ओइगी कंपनीनें १९१८ सालीं विमानांवर बसविलेल्या साधनांत विजेचा दिवा आला आणि दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायर, हरिकेन यांसारख्या विमानांच्या बैठकीसमोर अशी कांच दिसूं लागली. ब्रह्मदेशच्या मोहिमेंत भारतीय वैमानिकही हरिकेन विमानें चालवीत होते. विमानाला एंजिन असतें, दिव्याला वीज मिळते, वजनाची फिकीर नसते. हातांतल्या हत्याराला यांतलें कांहींच परवडत नाहीं. १९४५ च्या सुमारास अमेरिकेंत शिकारीच्या बंदुकांसाठीं नायडार नांवाचें साधन निघालें, तें पुन्हां आकाशाच्या उजेडावर अवलंबून. सांजेच्या शिकारींत त्याचा उपयोग होईना. १९७० च्या सुमाराला सिंगलपॉइंट नांवाची एक नळी आली. तींतून समोरचें कांहींच दिसत नसे, फक्त ठिपका दिसे; दुसरा डोळा उघडा ठेवून लक्ष्य पाहावयाचें आणि दोन्ही चित्रें मेंदूनें एकत्र करावयाचीं! युक्ति चतुर होती, पण ती सर्वांना साधण्याजोगी नव्हती.

तो प्रश्न सुटला तो एका स्फटिकामुळें. १९६२ सालीं निक होलोनियाक या अमेरिकन शास्त्रज्ञानें वीज सोडली असतां तांबडा प्रकाश देणारा अर्धवाहक स्फटिक दाखविला. रेडिओवर आणि घड्याळांत पुढें जे बारीक तांबडे दिवे दिसूं लागले ते याच जातीचे, एल्. ई. डी. म्हणून ओळखले जाणारे. हा दिवा मोहरीच्या दाण्याहून लहान करतां येतो, तापत नाहीं आणि चिमूटभर विजेवर जळतो. १९७५ सालीं स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनें तो भिंगाच्या नाभीवर बसवून पहिलें विजेचें लाल ठिपक्याचें साधन विकावयास काढलें. समोरच्या वक्र कांचेवर असा थर चढविलेला असतो कीं तो तांबडा प्रकाश तेवढा परत फिरवितो आणि बाकीचे रंग पार जाऊं देतो. ठिपका लालच कां, याचें उत्तर यांत आहे. सौंदर्याचा तेथें संबंध नाहीं. या थरामुळेंच त्या कांचेंतून पाहिलेलें जग किंचित् निळसर दिसतें. सतत जळणाऱ्या बॅटरीचें आयुष्य प्रथम थोडें होतें. २००० सालच्या नमुन्यांत तें दहा हजार तासांपर्यंत गेलें आणि पुढें ऐंशी हजारांपर्यंत. रायफलीचा प्रश्न येथें बहुतेक मिटला.

पिस्तुलाचा मात्र मिटला नाहीं, कारण पिस्तुलावर जागाच स्थिर नाहीं. स्वयंचलित पिस्तुलाचा वरचा सगळा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो प्रत्येक गोळीबरोबर झटक्यानें मागें जातो, रिकामें काडतूस फेंकतो आणि नवें घेऊन पुढें आपटतो. हा सगळा प्रवास सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही थोड्या वेळांत होतो. खांच आणि माशी बसतात त्या या स्लाइडवरच; लोखंडाच्या त्या तुकड्यांना धक्क्याचें भय नाहीं. भिंग, स्फटिक आणि बॅटरी यांना तेथें बसविणें म्हणजे लोहाराच्या घणावर घड्याळ बांधण्यासारखें होतें.

म्हणून १९९० च्या सुमारास जे स्पर्धक प्रथम पिस्तुलावर ठिपका घेऊन उतरले, त्यांनीं स्लाइडला हात लावला नाहीं. त्यांनीं पिस्तुलाच्या स्थिर सांगाड्याला एक कमान बसविली आणि तिच्यावर वीतभर लांबीची नळी चढविली. स्पर्धेंत त्यांनीं जुन्या पद्धतीच्या नेमबाजांना लीलया मागें टाकलें. पण असें पिस्तुल कमरेच्या म्यानांत मावत नसे, आणि पोलिसाला किंवा शिपायाला स्पर्धेच्या पेटींतून हत्यार काढण्याची सवड नसते. नळी टाकून देऊन एकच लहानशी कांच आणि तिच्यामागें उघड्यावर बसविलेला दिवा, असें आगपेटीहूनही लहान साधन पुढल्या दहा वर्षांत आलें. जर्मनीच्या डॉक्टर कंपनीचें नांव त्यांत अग्रभागीं आहे. आतां तें स्लाइडवर बसविण्याएवढें हलकें झालें होतें, आणि बसवितांच घणाचे घाव सुरू झाले. गोळी सुटतांच बॅटरी क्षणभर आपल्या पट्टीपासून उचलली जाई आणि ठिपका विझे. स्क्रू तुटत. पिस्तुल हातांतून पडलें कीं कांच तडके.

२००९ सालीं अमेरिकेच्या ट्रिजिकॉन कंपनीनें जें साधन काढलें त्याच्या वरच्या कडेकडे नीट पाहिलें, तर ती सरळ नाहीं. मधें खोलगट आणि दोन्ही कोंपऱ्यांना मांजराच्या कानांसारखी उंचावलेली दिसते. ही नक्षी नव्हे. पिस्तुल उलटें पडलें तर मार या दोन कानांवर बसावा आणि तेथून बाजूच्या भिंतींत उतरावा, मधल्या कांचेला लागूं नये, अशी ती योजना आहे. सगळ्याचें वजन बॅटरीसकट सुमारें ३४ ग्रॅम. पिस्तुलावर ठिपका टिकतो असा विश्वास बसला तो येथपासून, आणि २०१७ मध्यें त्याच साधनाचीं आंतील विजेचीं जोडकामें पुन्हां मजबूत करण्यांत आलीं. मोठ्या शोधांच्या इतिहासांत अशा दोन कानांना जागा मिळत नाहीं. वास्तविक ती मिळावयास हवी.

उजेडाप्रमाणें ठिपका आपोआप कमी-अधिक व्हावा ही सोयही अशीच फसवी निघाली. काळोख्या माजघरांत उभें राहून बाहेर उन्हानें तळपणाऱ्या वाळूकडे पाहणाऱ्या माणसाची कल्पना करावी. साधनाचा विजेचा डोळा माजघराचा अंधार मोजतो आणि ठिपका मंद करतो. पाहावयाचें आहे तें बाहेरच्या झळाळींत, तेथें मंद ठिपका बुडून जातो. म्हणून अनेकांनीं हातानें प्रकाश ठरविण्याची कळ परत मागितली. उलट, पिस्तुल हललें कीं जागें होणारा आणि टेबलावर पडून राहिलें कीं झोंपणारा दिवा ही सुधारणा सर्वांना मानवली. बॅटरी साधनाच्या पोटाखालीं बसविण्याची पद्धत तर त्रासाचीच होती: ती बदलावयाची म्हणजे साधन पिस्तुलावरून उतरवावयाचें, आणि पुन्हां चढविल्यावर नेम नव्यानें जुळवावयाचा. पुढें बॅटरीचें दार बाजूला किंवा वर आलें. बसविण्याची रीतिही हळूहळू कारखान्यांनीं आपल्याकडे घेतली. प्रथम प्रत्येकजण कारागिराकडे जाऊन स्लाइड कोरून घेई. २०१५ सालीं ग्लॉक कंपनीनें कोरलेल्या स्लाइडची पिस्तुलें आणि निरनिराळ्या साधनांसाठीं जुळत्या पट्ट्या विकावयास काढल्या, आणि २०१७ सालीं अमेरिकन लष्करानें निवडलेल्या नव्या पिस्तुलावरही ही जागा आधींच राखलेली होती.

एक शत्रु तरीही राहिला, आणि मालवणच्या माणसाला तो परका नाहीं. मृग लागला कीं या किनाऱ्यावर पावसाबरोबर समुद्राचा खारा फवारा घरांत शिरतो. कुलुपें गंजतात, चष्म्यावर दमट पडदा चढतो. दिवा उघड्यावर बसविलेल्या साधनांत पावसाचा एक थेंब त्या दिव्यावर पडला तरी ठिपका फुटून त्याचा तांबडा डाग होतो किंवा तो अजिबात नाहींसा होतो. धुळीचा कण, कपड्याचा धागा हेंच काम कोरड्या दिवसांत करतो. याला उत्तर म्हणून एमपॉइंटनें २०१९ सालीं पिस्तुलासाठीं बंद पेटीचें साधन आणलें: पुढें कांच, मागें कांच, दिवा मधल्या कोंडलेल्या जागेंत. थेंब पडला तर तो बाहेरच्या कांचेवर पडतो आणि बोटानें पुसतां येतो. धक्का केवळ स्क्रूंवर येऊं नये म्हणून खालीं एक आडवा दांडा खांचेंत अडकतो. पहिल्या नमुन्याची बॅटरी मात्र लवकर संपे. २०२१ च्या दुसऱ्या नमुन्यांत मोठी बॅटरी घालून ती ५०,००० तासांपर्यंत, म्हणजे पांच वर्षांहून अधिक, चालेल असें करण्यांत आलें. पेटी बोजड झाली, खिडकी लहान झाली. कोरड्या मैदानावर खेळणाऱ्याला उघडें साधनच अधिक आवडतें आणि त्यांत त्याची चूक नाहीं. पण ज्याला पावसांत उभें राहून नोकरी करावयाची आहे त्याची निवड निराळी असणार.

इतकें होऊनही ठिपका हा जादूचा दिवा नव्हे. लोखंडी माशी चुकीच्या जागीं असली तरी दिसते आणि किती चुकली तें सांगते. ठिपक्याचें तसें नाहीं. पिस्तुल थोडें अधिक वांकडें धरलें कीं खिडकी रिकामी होते आणि नवशिका ठिपका शोधीत बसतो. मनगट प्रत्येक वेळीं त्याच कोनांत येण्यासाठीं शेंकडों वेळां कोरडा सराव करावा लागतो. ज्याच्या डोळ्याच्या बाहुलीवरचा पडदा सारखा गोल नाहीं, त्याला गोल ठिपका धूमकेतूसारखा शेंपटीचा दिसतो, आणि त्याला साधनाचा नव्हे, आधीं चष्म्याचा विचार करावा लागतो. ठिपक्याचें आकारमानही विचार करावयास लावतें: मोठा चटकन् दिसतो, पण सहा कलांचा ठिपका पंचवीस मीटरांवर साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास जागा झांकून टाकतो.

ऑलिंपिकच्या मैदानावर तर या सगळ्याला मज्जाव आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणें पिस्तुलाच्या स्पर्धांत केवळ उघडी खांच आणि माशी चालते; भिंग, आरसा, विजेचा ठिपका, कांहीं चालत नाहीं. ज्या कोल्हापूरच्या सत्तेखालीं एके काळीं सिंधुदुर्ग होता, त्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिनें २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें तें या जुन्याच शिस्तीनें. तेथें पणास लागतें तें नेमबाजाचें मन आणि मनगट, आणि तो नियम तसाच राहावा हें बरें. समोर कागद आहे तोंवर माशी स्वच्छ आणि लक्ष्य अंधुक, या उपदेशांत कांहीं उणें नाहीं.

जेथें समोर माणूस आहे तेथें भारतांतही विचार पालटूं लागला आहे. जानेवारी २०२१ मध्यें पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेनें आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलनें मिळून घडविलेलें ‘अस्मी’ हें नऊ मिलिमीटरचें मशीन-पिस्तुल पुढें आलें. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्या पुढाकारानें तें चार महिन्यांत तयार झालें, आणि त्याच्या पाठीवर अशीं साधनें बसविण्यासाठीं पट्टी पहिल्यापासूनच ठेवलेली आहे. भारतीय नौदलानें २०२० सालीं इस्रायलकडून रायफलींसाठीं जीं नेमाचीं यंत्रें मागविलीं तीं याच्याही पुढचीं आहेत: त्यांतील गणकयंत्र हलत्या लक्ष्याचा माग ठेवतें आणि नेम जुळल्याखेरीज गोळी सुटूंच देत नाहीं. लाट उचलून खालीं येण्याचा जो क्षण गुराबेवरचा गोलंदाज पायांनीं ओळखीत असे, तो आतां यंत्र ओळखूं पाहतें. याच नौदलानें ४ डिसेंबर २०२३ चा आपला वार्षिक दिन मालवणच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्गासमोर साजरा केला.

पिस्तुलावर अशीं गणकयंत्रें अजून मावत नाहींत. तेथें लाल ठिपकाच आहे, आणि तो बसविणारे कारखाने एक गोष्ट आवर्जून करतात. स्लाइडवर कांच चढविली म्हणजे जुनी खांच आणि माशी तिच्या बुडाआड दडून जातात. म्हणून त्या काढून त्यांच्या जागीं नेहमींपेक्षां उंच खांच आणि उंच माशी बसवितात. बॅटरी संपली, कांच तडकली, ठिपका विझला, तर त्याच खिडकीच्या तळाशीं माशी उभी असते.